नळाचं पाणी आणि नांगराची निशाणी

आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी येतं. पहाटे पाचला यायचं असतं, येतं सव्वापाचला, कधी साडेपाचला, पाणी सोडणाऱ्याची झोप कशी झालीय त्यावर. पण पाण्याच्या दिवशी घरातल्या कुणीतरी एकानं पावणेपाचला उठून मोटर, पाईप आणि टाकीचं झाकण सांभाळायचं असतं आणि गेली दहा-बारा वर्षं ते काम माझ्याकडे आहे. तर माझ्या पीएचडीची जी काही पानं आजवर धड लिहून झालीत ती बहुतेक या नळाच्या आवाजात लिहिलीत. आधी नळ खॉक खॉक करून हवा सोडतो, मग पाणी येतं, टाकी भरत जाईल तसा आवाज बारीक होत जातो आणि तो एकदम बदलला की समजायचं टाकी वाहायला लागली, उठा.

परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला, तीही प्राध्यापक, तीही पीएचडीचं रजिस्ट्रेशन करून बसलेली. "तुला वेळ कसा गं मिळतो?" मी व्हॉइस मेसेज करायला घेतला, तो सात मिनिटांचा झाला आणि अजून मी नोकरीवरच अडकले होते, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू.

"वेळ मिळत नसतो, काढावा लागतो" असं आमच्या स्टाफरूमच्या फळ्यावर कुणीतरी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलंय आणि त्याच्याच खाली कमिट्यांची यादी चिकटवलीय, त्यात माझं नाव सहा ठिकाणी आहे. असो.

मी इतिहास शिकवते. अनुदानित कॉलेज, सातारा जिल्ह्याची पूर्व बाजू, दुष्काळी पट्टा. विषय सावकारी. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातून कर्जरोखे ओढून काढले आणि जाळले, ते दख्खनचे दंगे आपण सगळ्यांनी शाळेत दोन ओळींत वाचलेत आणि पेपरात तेवढेच लिहिलेत. पुढं १८७६ ते ७८ चा तो भयानक दुष्काळ आणि मग १८७९ साली सरकारनं डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आणला, सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांसाठी. शेतकऱ्यानं खत, म्हणजे कर्जाचा कागद, लिहून द्यायचं तर ते गावच्या रजिस्ट्रारसमोर, आणि भांडण कोर्टात गेलं तर कोर्टानं नुसता कागद बघायचा नाही, मूळ मुद्दल किती, व्याज किती चढवलं, सगळा व्यवहार उकरायचा. माझा प्रश्न एवढाच की हा कायदा आल्यावर आमच्या भागातल्या सावकारानं नक्की काय केलं. एका ओळीचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर शोधण्यात माझं आठवं वर्ष चाललंय.

रजिस्ट्रेशन २०१८ चं. नियमाप्रमाणं सहा वर्षं आणि बायकांना वर दोन. ही दोन वर्षं मिळतात हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की पहिली तीन वर्षं मी त्या आनंदातच घालवली.

तेव्हा माझा प्लॅन एकदम सोपा होता, सुट्टीत लिहू. टर्म चालू असताना शिकवायचं, दिवाळीत एक चॅप्टर, मे महिन्यात दोन, झाली की पीएचडी. कागदावर बघितलं तर आपल्यासारखी सुट्टी कुणाला नसते, माझा भाऊ बँकेत आहे तो तर दर मे महिन्यात टोमणा मारतोच. मग २०१९ च्या दिवाळीत मी माहेरी जाताना एक अख्खी पिशवी भरून झेरॉक्स नेल्या, त्या पिशवीवर आईनं फराळाचे डबे ठेवले, परत येताना डबे रिकामे झाले होते आणि पिशवी होती तशीच. मग लॉकडाऊन, तेव्हा तर सगळे म्हणत होते आता वेळच वेळ आहे, आणि मी मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून एफवायच्या पोरांना शिवाजी महाराजांचं महसूल धोरण शिकवत होते, त्यातली अर्धी पोरं रेंजसाठी डोंगरावर. २०२४ च्या उन्हाळ्यात म्हटलं आता नाही तर कधीच नाही, तर इलेक्शन ड्युटी लागली, आमच्याकडे ७ मेला मतदान होतं, त्याआधी ट्रेनिंगं, ते संपलं की पेपर तपासायला कॅप सेंटर, ते संपेपर्यंत ॲडमिशन कमिटी. सुट्टी संपली. त्याच वर्षी दिवाळीनंतर लगेच २० नोव्हेंबरला विधानसभा, म्हणजे ती पण गेली.

यात कुणाची चूक म्हणायची माहीत नाही. पण एक गंमत सांगते. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०१० सालची नियमावली आहे, प्रमोशनच्या फाईलसाठी ती चाळत होते, तर त्यात वर्कलोडच्या भागात असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवायचं असं दिलंय, आपल्या ४८ मिनिटांच्या तासिका धरल्या तर २० होतात, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच्याच खाली एक वाक्य आहे, शिक्षकाच्या संशोधनासाठी आठवड्याला कमीत कमी ६ तास ठेवावे लागतील अशा अर्थाचं. सहा तास! मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्यातले सगळ्यात सीनियर सर चष्मा वर करून म्हणाले, "मॅडम, ते टाईमटेबल कमिटीला दाखवा, सहा तास रिकामे दिसले की लगेच त्यात अर्न अँड लर्नचं, कमवा-शिकाचं काम टाकतील."

आणि खरंच रिकामा तास म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. अकरा ते पावणेबारा ऑफ आहे असं टाईमटेबलवर दिसतं. अकराला एक पोरगी बोनाफाईडवर सही मागायला येते, अकरा दहाला ग्रुपवर मेसेज, वृक्षारोपणाचे फोटो जिओटॅगसहित पाहिजेत, आपण काढले ते साधे निघालेत, मग परत जाऊन त्याच झाडाशेजारी उभं राहायचं, झाड तोवर सुकलेलं असतं ते वेगळंच. अकरा वीसला नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाईलला पुरावे जोडायचे. अकरा पस्तीसला कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. केकला नाही म्हटलं तर आपण माणूसघाणे.

तर जुलै २०२४. सहामाही प्रोग्रेस रिपोर्टचं प्रेझेंटेशन. डिपार्टमेंटमध्ये चार मोठी माणसं बसलेली, मी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला, पीपीटी उघडायला म्हणून फोल्डर उघडला आणि पडद्यावर माझ्या सगळ्या फायली दिसायला लागल्या, चॅप्टर एक, चॅप्टर दोन, चॅप्टर तीन, चॅप्टर तीन नवीन, चॅप्टर तीन नवीन फायनल. आणि शेजारी तो कॉलम, डेट मॉडिफाईड. सगळ्यात अलीकडची तारीख १९ डिसेंबरची. आमचे गाईड फार बोलत नाहीत. त्यांनी पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ही तारीख बरोबर आहे का हो?" आणि मी, वय वर्षं एकेचाळीस, विद्यार्थ्यांना रोज खोटं बोलू नका म्हणून सांगणारी, म्हणाले, "सर, लॅपटॉपचं कॅलेंडर बिघडलंय." पीपीटीत मी 'कार्य प्रगतिपथावर' असं लिहिलेलं होतं.

परत येताना एसटीत मी तेवढ्याच विचारात होते. सात महिने. या सात महिन्यांत एक दिवस असा गेला नव्हता की मी पीएचडीचं टेन्शन घेतलं नाही, रोज घेत होते, भाकरी थापताना घेत होते, लग्नात जेवताना घेत होते. टेन्शन रोजचं आणि काम सात महिन्यांत शून्य. आणि खरी लाज पुढं वाटली, रात्री चॅप्टर तीन उघडला तर त्यातली माझीच वाक्यं मला कळेनात. एका ठिकाणी पिवळ्या रंगात लिहून ठेवलं होतं, "इथे त्या दुसऱ्या खताचा मुद्दा घे, महत्त्वाचा". कुठलं दुसरं खत? आजतागायत आठवलेलं नाही. तो मुद्दा गेला तो गेलाच.

मग मी वेळा बदलून बघितल्या. आधी रात्री दहा ते बारा, सगळे झोपल्यावर. चार दिवस टिकलं. दहाला मी डोळे उघडे ठेवून बसायचे खरी पण मेंदूचं शटर आठलाच खाली आलेलं असायचं, एकदा तर मी एका परिच्छेदात 'सावकार' ऐवजी तीन ठिकाणी 'प्राचार्य' लिहिलं होतं. मग एसटीत. कॉलेज चौदा किलोमीटर, अर्धा तास जायला अर्धा यायला. इतिहासकार दा. ध. कोसंबी पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईच्या टीआयएफआर संस्थेत जायचे हे डोक्यात होतं, म्हटलं आपली लाल डेक्कन क्वीन. पण मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालंय (झालं ते चांगलंच झालं, माझाही महिन्याचा हिशोब बदलला), तेव्हापासून सकाळच्या गाडीला बसायला जागा मिळणं म्हणजे नशीब, आणि मिळाली तरी शेजारची बाई विचारणार, काय लिवताय, आणि मग तिच्या भावकीतल्या सावकाराची गोष्ट सुरू. त्यातल्या दोन गोष्टी खरं तर फार भारी होत्या, पण त्या फूटनोटमध्ये कशा घालणार.

शेवटी पाणी कामाला आलं. म्हणजे असं की पावणेपाचला मी दिवसाआड उठतच होते. मोटर लावून, पाईप टाकीत सोडून मग पाऊण तास नुसती कट्ट्यावर बसून मोबाईल बघायचे, कारण उठून जाता येत नाही आणि दुसरं काही मोठं काम काढता येत नाही. एका दिवशी मोबाईल चार्ज नव्हता म्हणून लॅपटॉप घेऊन बसले. पाऊण तासात दोन परिच्छेद झाले. फार ग्रेट नव्हते, पण झाले. मग पाण्याच्या दिवशी बसायला लागले, मग वाटलं बिनपाण्याच्या दिवशी झोपून तरी काय करणार, शरीर तसंही त्या वेळेला जागं होतंच. रविवार सोडला. सोमवार ते शनिवार, रोज पाच ते सहा. मग एक दिवस डोक्यात हिशोब पेटला, आठवड्याचे सहा दिवस, रोज एक तास, म्हणजे सहा. यूजीसीचे सहा तास! ते टाईमटेबलवर नव्हते, नळाच्या वेळापत्रकात होते. मला फार हसू आलं, एकटीच हसले, टाकी वाहिली.

आता त्या तासात काय करते ते सांगते, मैत्रिणीला हेच पाहिजे असणार.

पहिले पंधरा-वीस दिवस काहीही झालं नाही, हे आधीच सांगून ठेवते. फाईल उघडायची, कालचं वाचायचं, एक शब्द बदलायचा, सहा वाजायचे. या काळात मला वाटलं होतं की हे सगळं फालतू आहे, लिहिण्यासाठी सलग चार-पाच तास लागतात, मूड लागतो, एका तासात काय होतंय. पण साधारण तिसऱ्या आठवड्यात एक झालं, भांडी घासताना एकदम कळलं की दुसऱ्या चॅप्टरमधला एक तक्ता चुकीच्या जागी आहे, तो आधी पाहिजे. आता हे असं भांडी घासताना सुचणं गेल्या चार वर्षांत झालं नव्हतं. कारण काय, तर सकाळी फाईल उघडलेली असते आणि ती दिवसभर डोक्यात मागं मंद आचेवर राहते, आपण लेक्चर घेतो, फोटो जिओटॅग करतो, तिकडं ती शिजत असते. सात महिने बंद ठेवली की पहिला आठवडा नुसती चूल पेटवण्यात जातो, आणि पेटली की सुट्टी संपते.

दुसरं म्हणजे मी सहाला थांबते. जोरात चाललं असलं तरी. हे जमायला वेळ लागला. आणि थांबताना शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धं सोडते, त्याच्याखाली साध्या बोलीत लिहिते, "उद्या इथून. मुद्दा हा की सावकार बदलला नाही, कागद बदलला. आधी कलेक्टरचा रिपोर्ट टाक मग खत." दुसऱ्या दिवशी पाच वाजता जी बाई उठते ती अर्धवट झोपेत असते, तिला विचार करायला लावायचा नाही, तिला हुकूम पाहिजे असतो. फोन आत, फ्रीजवर. संदर्भ शोधायचा नाही, जिथं अडेल तिथं तीन फुल्या मारून पुढं, नाहीतर एक आकडा तपासायला म्हणून शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या वेबसाईटवर, जायचं आणि पावणेसहाला आपण कुणाच्या तरी कोकणातल्या खोती पद्धतीवरच्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात असतो, तिथं त्यांनी बायकोचे आभार कसे मानलेत ते वाचत. (ऋणनिर्देश हा माझा आवडता प्रकार आहे. "माझ्या सुविद्य पत्नीने घराची जबाबदारी सांभाळली म्हणून" हे वाक्य मी किती ठिकाणी वाचलं असेल.)

फुल्या शनिवारी भरते, त्या कामाला डोकं लागत नाही.

आणि वही. यात नांगर येतो. एका वाड्यातलं जुन्या कागदांचं दप्तर मला बघायला मिळालं, घरच्यांनी माळ्यावरून काढून दिलं, कापडात बांधलेलं, गाठ इतकी जुनी की सोडवताना कापडच फाटायला लागलं. त्यात शके १८०३ चं, म्हणजे १८८१-८२ चं एक खत आहे, मोडी लिपीत. मोडी ज्यांनी बघितलीय त्यांना माहितीये, आधी ओळभर शिरोरेघ मारायची आणि मग तिला बोरू न उचलता अक्षरं लटकवत जायचं, शब्द कुठं तोडायचा ते आपलं आपण ठरवायचं, ऱ्हस्व-दीर्घ नाहीच. लिहिणाऱ्याचा हात इतका सरावाचा की ते 'कर्जरोखा लिहून दिला ऐसा जे' एका दमात खाली उतरतं, नदीसारखं. सगळं खत असं सुळसुळीत आणि शेवटी जिथं कर्ज घेणाऱ्याची सही पाहिजे तिथं एक चित्र. नांगर. लिहिता न येणारा कुणबी सहीऐवजी नांगराची निशाणी करायचा, हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण प्रत्यक्ष बघितल्यावर मी बराच वेळ पुढं गेलेच नाही. एक आडवी रेघ, एक वाकडी, एक खुंटासारखी. शाई एका ठिकाणी जास्त पडलीय. वरच्या ओळी ज्या हातानं झाल्या त्यानं आयुष्यभर हेच केलं, आणि या हातानं कदाचित वर्षात एकदा बोरू धरला असेल, तेही आपल्याच गळ्यातला फास कबूल करायला.

तेव्हापासून मी वहीत ज्या दिवशी बसले त्या दिवशी तारखेसमोर टिकमार्क न करता छोटा नांगर काढते. सुरुवातीला गंमत म्हणून. आता नांगर नसलेली जागा मला टोचते. महिन्याच्या शेवटी त्या पानाचा फोटो मी त्याच मैत्रिणीला पाठवते, तिला काय वाटतं कुणास ठाऊक, पण तिनं एकदा "या महिन्यात कमी दिसतायत गं" असं लिहिलं आणि मी दुसऱ्या दिवशी साडेचारलाच उठले. नंतर कुठंतरी वाचलं की रॉबर्ट बॉइस म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी प्राध्यापकांच्याच लिहिण्याच्या सवयींवर काम केलंय आणि त्यांचंही म्हणणं हेच, सुट्टीची वाट बघत एकदम लिहिणाऱ्यांपेक्षा रोज थोडं लिहून त्याची नोंद ठेवणारे आणि ती कुणाला तरी दाखवणारे जास्त पानं लिहितात. पटलं. फक्त माझी खात्री आहे की त्यांच्या प्राध्यापकांना कॅप सेंटर नव्हतं.

सगळं काही या तासात होत नाही, तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मोडी वाचन होत नाही, त्याला उजेड लागतो आणि डोळे ताजे. आणि पुण्याला पुरालेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, जाणं तर नाहीच होत, ते रविवारी बंद, म्हणजे रजा टाकावी लागते, पहाटेची गाडी, तिथं चिठ्ठी द्यायची, रुमाल यायची वाट बघायची, रुमाल म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, तो सोडला की पहिली पंधरा मिनिटं शिंका. दिवसाला कामाचे चार कागद मिळाले तरी डोक्यावरून पाणी, आणि संध्याकाळची गाडी चुकवायची नाही. अशा माझ्या वर्षाला सात-आठ खेपा होतात, किरकोळ रजा सगळ्या त्यातच जातात, आजारी पडायचं ते रविवारी. पण फरक असा पडला की आता पुण्याला जाताना मला नक्की काय हवंय ते माहीत असतं, कारण सकाळच्या फाईलमध्ये फुल्या असतात, मी त्या फुल्यांची यादी घेऊन जाते. पूर्वी जायचे तेव्हा जे दिसेल ते उतरवून आणायचे आणि त्या वह्या अजून कपाटात आहेत.

आमचे गाईड सर नेहमी काण्यांचं उदाहरण देतात. पां. वा. काणे मुंबई हायकोर्टात वकिली करायचे आणि 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहायचे, पहिला खंड १९३० ला आला आणि शेवटचा १९६२ ला, भारतरत्न मिळालं १९६३ ला. बत्तीस वर्षं. मी सरांना एकदा म्हटलं, सर, मला युनिव्हर्सिटी आठच देतेय. ते हसले. पण मला काण्यांबद्दल दुसरंच विचारायचं होतं, ते मी विचारलं नाही, की ते लिहायला बसायचे तेव्हा पाणी कोण भरायचं.

कारण हा माझा पाच ते सहाचा तास माझा एकटीचा नाहीये. मी कर्जावरच काम करते त्यामुळं मला हिशोब कळतो, हा तास उसना आहे. पूर्वी पाणी भरता भरता मी कणीक मळून ठेवायचे, भाजी चिरायचे. आता सहाला उठते तेव्हा ते सगळं आईंनी केलेलं असतं, आई म्हणजे सासूबाई, वय बहात्तर, गुडघे दुखतात. त्यांना मी कधी सांगितलं नाही की तुम्ही करा. त्यांनी दोन-चार दिवस बघितलं, सून कट्ट्यावर बसून टकटक करतीय, पाचव्या दिवशी उठून चूल, म्हणजे गॅस, ताब्यात घेतला. वर विचारलं, "एवढं लिवती रोज, परीक्षा कवा हाय तुजी?" मी म्हटलं परीक्षा नाही, प्रबंध आहे. तर म्हणाल्या, "मंग पास करायला कोण हाय?" मला त्याचं उत्तर नीट देता आलं नाही, रेफरी वगैरे सांगितलं. आता पाहुणे आले की त्या सांगतात, हिची परीक्षा पुढच्या साली हाय.

नवरा विजेच्या सबस्टेशनला आहे, शिफ्ट ड्युटी, त्यामुळं त्याचं गणित वेगळं. रात्रपाळी करून सहाला येतो तेव्हा मी नुकती लॅपटॉप मिटत असते, म्हणजे एक जण झोपायला चाललाय आणि एक उठून दमलीय. आमचं या विषयावर एकदा चांगलं भांडण झालं, मी म्हटलं तू घरी असतोस त्या दिवशी तरी पाणी बघत जा, तो म्हणाला मी बघितलं तर तू झोपशील. ते खरं होतं म्हणून मला जास्त राग आला. आता शनिवारी तो बघतो. मी नाही झोपत, त्या दिवशी फुल्या भरते.

खाडे होतात. लेकीला ताप आला, गौरी-गणपती, परीक्षेचा सीझन, माझी पाळी, कुणी गेलं तर दहा दिवस. वहीत मोकळी जागा सोडायची आणि पुढं जायचं. एकच ठरवलंय, काल बुडला म्हणून आज दोन तास करायचे नाहीत. ते सुरुवातीला केलं होतं, सोमवारचा बुडला की मंगळवारी दोन, तेही नाही जमले की बुधवारी तीन, आणि शुक्रवारपर्यंत माझ्यावर इतके तास चढले की मी वही उघडणंच बंद केलं. आणि मग एकदम लक्षात आलं की अरे, हेच तर मी चॅप्टर तीनमध्ये लिहितीय! व्याज मुद्दलात घालून नवं खत करायचं आणि ते थकलं की त्याच्यावर परत. माणूस एकदा त्या आकड्याच्या खाली गेला की तो मुद्दलाकडं बघतच नाही, तोंड चुकवून पळतो. तर व्याज बंद. बुडाला तो तास माफ.

आकडे सांगते, कारण मला दुसऱ्यांचे वाचायला आवडतात. ऑगस्ट २०२४ पासून जुलै २०२५ पर्यंत, वर्षात, १९८ नांगर. काही दिवशी ऐंशी शब्द, काही दिवशी चारशे, आणि पंधराएक दिवस असे की आदल्या दिवशीचं सगळं खोडलं, त्यांचेही नांगर धरलेत. चॅप्टर तीन आणि चार झाले, पाच अर्धा आहे, पहिला मात्र परत लिहावा लागणार कारण तो २०१९ मधल्या 'मी'नं लिहिला होता आणि त्या बाईला फार काही कळत नव्हतं. जुलै २०२५ च्या प्रेझेंटेशनला मी फोल्डर मुद्दाम उघडला. पीपीटी डेस्कटॉपवर ठेवली असती तरी चाललं असतं, पण नाही, फोल्डरच उघडला आणि डेट मॉडिफाईडच्या कॉलमवर जरा वेळ कर्सर ठेवला. सरांनी काही बघितलंच नाही, ते मोबाईलवर बोलत होते.

लेक सहावीत आहे. तिला वहीचा भारी नाद, शाळेतून आली की आधी माझी वही उघडून आजचा नांगर बघते, फाळ नीट आला नसेल तर दुरुस्त करून देते. आज पाणी नव्हतं, बिनपाण्याचा दिवस, आणि हे जे वर सगळं लिहिलंय ते मी आज आणि काल त्याच पाच ते सहामध्ये लिहिलं, चॅप्टर पाच तसाच ठेवून. आता ती दप्तर भरता भरता मागं येऊन उभी राहिली, स्क्रीन वाचली, म्हटली हे पीएचडीचं आहे का. मी म्हटलं नाही गं, पण पीएचडीबद्दलच आहे, दोन दिवसांचे दोन नांगर काढू का? तिनं जरा विचार केला. म्हणाली, "आई, हे तर गप्पा मारल्यास तू," आणि वही मिटून कपाटात ठेवून दिली.